टॉकीजच्या कॅबिनमधून

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या टॉकीजच्या ऑपरेटर कॅबिनचे कुलूप कापावे लागले, कारण किल्ली कोणाकडेच उरली नव्हती. आत शिरल्यावर डोळ्यांसमोर प्रथम आले ते अण्णांचे हस्ताक्षर. प्रोजेक्टरसमोरच्या झरोक्याशेजारी त्यांनी पेन्सिलीने रिळांचे क्रमांक आणि मिनिटे मांडून ठेवली आहेत, आणि त्यांच्याखाली ठळक अक्षरांत लिहिले आहे : ‘पाऊस आला की आवाज दोन घरे वर.’ रंगारी ब्रश भिजवून उभाच होता. ती भिंत सोड, असे त्याला सांगितले आणि घरी येऊन तुला हे पत्र लिहायला बसलो.

मंगळुरी कौलांवर मृगाचा पाऊस कोसळू लागला की नायक काय बोलतो ते पुढच्या बाकांवरही ऐकू येत नसे, हे तुला आठवतच असेल. आपण दोघे कॅबिनच्या कोपऱ्यात अंग चोरून बसायचो आणि प्रोजेक्टरमधल्या, तांब्याचा मुलामा दिलेल्या दोन कार्बनच्या कांड्यांमधला तो जळता प्रकाश काळ्या काचेतून पाहायचो. दोन हजार फुटांचे एक रीळ बावीसेक मिनिटांत संपे. ते संपत आले की पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात क्षणभर एक ठिपका चमके, अण्णा दुसऱ्या यंत्राची मोटर सुरू करीत, आणि सातआठ सेकंदांनी दुसरा ठिपका दिसताच चित्र या यंत्रावरून त्या यंत्रावर जाई. तीन तासांच्या चित्रपटात असे सातआठ वेळा घडे, आणि खाली बसलेल्या माणसांना त्याचा पत्ताही लागत नसे. इतक्या वर्षांत त्यांचा ठिपका चुकलेला मला आठवत नाही.

टीव्हीने आणि नंतर मोबाईलने टॉकीज बुडवले, असे गावात सगळेच म्हणतात. मला ते पुरते पटत नाही. गोवा मुक्तीनंतर हे थिएटर उभे राहिले ते खाणींच्या जिवावर. जपानला जाणारे लोहखनिज आपल्या रस्त्यांवरून बार्जींच्या, म्हणजे खनिज वाहणाऱ्या सपाट बोटींच्या, धक्क्याकडे जायचे, आणि संध्याकाळी ट्रक रांगेने लावून चालक, क्लीनर, गॅरेजवाले नऊच्या खेळाला येत. बाहेर चणेकार बसे आणि रस-ऑम्लेटचा गाडा मध्यरात्रीपर्यंत पेटलेला असे. २००४ साली इफ्फी, म्हणजे भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, पणजीला आला, तिथे मल्टिप्लेक्स उभे राहिले, मोटारीने जाणारे लोक तिकडे वळले. तरी आपला नऊचा खेळ तग धरून होता. मग सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारने खाणी थांबवल्या, पुढच्या महिन्यात सर्वोच्च न्यायालयानेही बंदी घातली, आणि ट्रक घरोघरच्या अंगणांत गंजू लागले. नेमके त्याच सुमारास पस्तीस एमएमच्या प्रिंट येईनाशा झाल्या आणि डिजिटल यंत्र बसवल्यावाचून नवा चित्रपट मिळेना. पुढे २०१४ मध्ये बंदी उठली खरी, पण २०१८ मध्ये न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांच्या लीझांचे नूतनीकरण रद्द केले. रिकाम्या बाकांसाठी कोणता मालक कर्ज काढील? म्हणून टॉकीज बंद केले याचा मालकांच्या कुटुंबाला दोष द्यावा असे मला कधीच वाटले नाही.

आता त्यांच्याच नातवाने ते उघडायचे मनावर घेतले आहे आणि आम्ही पाचसात जण त्याच्याबरोबर आहोत. निम्म्या खुर्च्या वाळवीने खाल्ल्या होत्या, त्या काढल्या. उरलेल्या धुताना पहिल्या पाचसहा बादल्यांचे पाणी अगदी लाल निघाले. बारा-तेरा वर्षांनंतरही खाणीची माती त्या लाकडाच्या चिरांत बसून होती. छपराखाली नवे सिलिंग घातले, पण चिऱ्याच्या भिंतींना हात लावला नाही. सर्वांत जास्त वाद झाला तो रंगमंचावरून. केवळ चित्रपटांवर हे घर चालणार नाही, हे माझे मत मी शेवटपर्यंत सोडले नाही. आपल्याकडे जत्रेचे नाटक पहाटेपर्यंत बसून पाहणारी माणसे आहेत, तियात्राला, म्हणजे गाण्यांनी भरलेल्या कोंकणी नाटकाला, सहकुटुंब तिकीट काढणारी आहेत, आणि पावसाळ्यात या दोहोंनाही छप्पर लागते. म्हणून पडदा गुंडाळता येईल असा बसवला आणि मागचा मंच आठ फूट वाढवला. तिकीट शंभर रुपयांच्या आतच ठेवायचे ठरले आहे. त्यावर जीएसटीही कमी लागतो.

पहिला खेळ २४ एप्रिलला, शुक्रवारी. म्हापशाच्या जेरी ब्रागांझांचा ‘मोगाचो आंवडो’ हा पहिला कोंकणी चित्रपट १९५० साली याच दिवशी प्रदर्शित झाला होता, म्हणून ही तारीख धरली. नव्या यंत्राला रीळ नाही, कार्बन नाही, ठिपकाही नाही. एक बटण दाबले की झाले. ते बटण तू दाबावेस अशी आम्हा सर्वांची इच्छा आहे. अण्णांनी तुला दिलेला कार्बनचा तो तुकडा अजून तुझ्याजवळ असेल तर घेऊन ये. भिंतीवरच्या आकड्यांखाली त्याच्यासाठी एक छोटी फळी ठोकून ठेवली आहे.

आणि काकूंना आणल्यावाचून येऊ नकोस. अण्णा वर कॅबिनमध्ये आणि काकू खाली बायकांच्या बाकांवर, असेच त्यांनी सगळे चित्रपट पाहिले. बाल्कनीच्या शेवटच्या रांगेतल्या, झरोक्याच्या अगदी खालच्या दोन खुर्च्या तुम्हा दोघांसाठी राखल्या आहेत. जिन्याला आता दोन्ही बाजूंनी कठडा आहे, त्यामुळे त्यांच्या गुडघ्यांची काळजी नको. मांडवी एक्सप्रेसने थिवीला उतरा, मी गाडी घेऊन स्टेशनवर येतो.

तुझा,
दिलीप