नकाशावर आमची विहीर मांडणाऱ्या मॅडमना

मॅडम, नमस्कार.

तुमचं नाव इथं मुद्दाम लिहीत नाही. सरकारी नोकरीत कौतुकाचाही त्रास होतो, असं तुम्हीच एकदा म्हणाला होतात. वस्तीवरचं कुणीही हे वाचेल तेव्हा लगेच ओळखेल.

कचऱ्याचं स्टेशन आमच्या गायरानात होणार नाही, जुन्या जकात नाक्याच्या जागेवर होणार, हे पत्र हातात पडल्यापासून लिहीन लिहीन म्हणते आहे. लिहायला बसले की डोळे भरून येतात आणि राहून जातं.

तुमच्या आधी आलेले साहेब गाडीतून खाली उतरलेसुद्धा नाहीत. काच खाली करून म्हणाले, "मग कचरा काय माझ्या अंगणात टाकायचा?" बैठक ठेवली ती ऐन सोयाबीनच्या काढणीत. सगळी वस्ती रानात. चौघं-पाच जण कसेबसे पोचले, तर कागदावर 'हरकत नाही' असं लिहून मोकळे झाले. मतं मागताना आत्याबाईंच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या, पाया पडलेल्या पुढाऱ्यानं तर आमचा फोन घेणंच बंद केलं.

माझं माहेर नारेगावकडचं. औरंगाबाद शहराचा कचरा तीस वर्षांहून जास्त तिथं पडत होता. उन्हाळ्यात डेपो पेटला की आई ओलं फडकं दाराच्या फटीला लावायची, आणि आम्ही लेकरं भाकरीवरच्या माशा हाकत जेवायचो. फेब्रुवारी 2018 मध्ये तिथल्या लोकांनी गाड्या अडवल्या, तेव्हा कुठं सगळ्यांना जाग आली. मग महिनाभरात, तोच कचरा मिटमिटा गावात टाकण्यावरून तिथं काय पेटलं तेही सगळ्यांनी पाहिलं. म्हणून 'स्टेशन' हा शब्द ऐकला आणि माझ्या पोटात गोळा आला. आमच्या लेखी ते डंपिंगच होतं.

ते डंपिंग नसतं, हे आम्हाला पहिल्यांदा नीट सांगितलंत ते तुम्ही. घंटागाड्या तिथं येतात, मोठ्या बंद कंटेनरमध्ये माल भरतात आणि तो प्रकल्पावर जातो. 2016 च्या नियमांत कचरा भरावाची, म्हणजे कचरा कायमचा पुरायची, जागा पाण्याच्या विहिरीपासून 200 मीटर लांब हवी, हेही तुम्हीच सांगितलंत. आणि लगेच म्हणालात, "पण हा भराव नाही, त्यामुळं हे अंतर इथं लागू होत नाही. तुम्हाला खोटी आशा लावणार नाही." अर्धंच सांगितलं असतं तर वस्तीनं तुम्हाला डोक्यावर घेतलं असतं. मला त्याच क्षणी वाटलं, हे माणूस खरं आहे.

पण मला लिहायचं आहे ते त्या पेनाबद्दल.

तुमच्या नकाशावर आमच्या विहिरीच्या जागी नुसतं पांढरं होतं. पडीक गायरान. डिसेंबरनंतर विहीर आटते, म्हणून कुणी मांडलीच नसावी. पण एप्रिल-मे मध्ये टँकर त्याच विहिरीत ओततात आणि वस्तीवरची चाळीस घरं त्यातून शेंदून पितात. तुम्ही काठावर उभ्या राहिलात. टँकरचा पाइप घासून गुळगुळीत झालेल्या दगडावरून हात फिरवलात. मग तिथून ठरलेल्या जागेपर्यंत माझ्यासोबत पावलं मोजत चाललात. एकशे चाळीस भरली. खडकाचा उतार विहिरीकडं आहे, हे मी सांगायच्या आधी तुमच्या ध्यानात आलं.

परत आल्यावर आत्याबाईंच्या बाजेवर नकाशा पसरलात आणि पेन त्यांच्या हातात दिलंत. "आजी, विहीर कुठं आहे ते तुम्हीच मांडा." आत्याबाई म्हणाल्या, "बाई, मला कुठं लिहिता येतंय? मी अंगठावाली." तुम्ही म्हणालात, "लिहायचं नाही, फक्त टिंब द्यायचं." त्यांचा हात थरथरत होता. रस्ता कुठला, लिंब कुठला, एवढं विचारून त्यांनी अगदी जागेवर टिंब दिलं. त्याच्याशेजारी तुम्ही 'विहीर, वापरात' असं लिहून खाली तारीख घालून सही केलीत.

सासऱ्यांनी चार माणसं घेऊन 1972 च्या दुष्काळात ती विहीर खणली होती. आत्याबाईंनी डोक्यावरून मुरूम वाहिला. एवढ्या वर्षांत एकाही कागदाला ती दिसली नव्हती. त्या रात्री आत्याबाई दोन घास जास्त जेवल्या.

पुढं कुठल्या टेबलावरून कुठल्या टेबलावर फाइल गेली, ते मला कळत नाही आणि इथं सांगायचंही नाही. एक मात्र सांगते. आपली ब्याद दुसऱ्याच्या दारात जाईल, ही टोचणी मला होती. तुम्ही नाक्यावरच्या गॅरेजवाल्यांकडं आणि टपरीवाल्या काकूंकडंही जाऊन बसलात. खाली सिमेंटचं तळ, धुतलेल्या पाण्याला वेगळी टाकी, आणि रात्री कचरा मुक्कामाला राहू द्यायचा नाही, हे त्यांच्यासमोर लिहून घेतलंत. काकू म्हणाल्या, "आम्हाला विचारलं तरी." आमच्या वस्तीवरचा कचराही आता तिथंच जाईल. ओला-सुका वेगळा करायची सवय आम्ही बाया लावून घेत आहोत.

तुम्ही 'हे माझं कामच आहे' म्हणाल. असेल. पण ऊन उतरेपर्यंत थांबून म्हातारीचं ऐकणं कुठल्या नियमात लिहिलेलं नसतं. एसटीत लेकुरवाळीला जागा देणारा, बँकेत अडाण्याची स्लिप भरून देणारा, असली माणसं आहेत म्हणून आमच्यासारख्यांचं चालतं. ती कुठल्या खात्यात निघतील सांगता येत नाही. आम्हाला ती तुमच्या खात्यात भेटली.

पौषात ज्वारी हुरड्यावर येईल. शेंगदाण्याची चटणी आणि दही आत्याबाई स्वतः करणार आहेत. फाइल आणू नका, घरच्यांना घेऊन या.

तुमची,
वस्तीवरची सून