त्या ९७ टक्क्यांच्या मागचं पण छापा

संपादक साहेब, स.न.वि.वि.

मागच्या रविवारी पुरवणीत प्रोस्टेट कॅन्सरवर, म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीच्या कॅन्सरवर, अर्धं पान आलं होतं ते वाचलं. विषय घेतला हे फार बरं केलंत, कारण आमच्या तासगाव भागात पुरुषमाणूस लघवीचं दुखणं बायकोला पण सांगत नाही. पण त्यात मधोमध एक चौकट होती, ‘या कॅन्सरचे ९७ टक्के रुग्ण पाच वर्षांत बरे होतात’, त्या चौकटीसाठी हे पत्र लिहितोय. पत्र लांबलंय, जागेप्रमाणं कापा, पण चौकटीबद्दलचं तेवढं राहू द्या.

२०१८ ला आमच्या आण्णांना म्हणजे वडलांना हा आजार निघाला. वय तेव्हा ७१. रात्रीचं चार-पाच वेळा उठणं चालू होतं, वयानं होतंय म्हणून वर्ष काढलं, मग पीएसए ही प्रोस्टेटसाठीची रक्ततपासणी केली तर ३४ आली, म्हणजे बरीच वाढलेली. ती वाढली म्हणजे कॅन्सरच असं नसतं, ग्रंथी साधी वाढली किंवा इन्फेक्शन झालं तरी वाढते, पण मिरजेला बायोप्सी झाली आणि रिपोर्टवर ग्लीसन ४+३ असं आलं, ग्लीसन म्हणजे कॅन्सरच्या पेशी किती जोरकस दिसतात त्याचा आकडा. ओपीडीत खच्चून गर्दी, तिथल्या एका डॉक्टरांनी उभ्याउभ्याच सांगितलं की घाबरू नका, ह्यात फाईव्ह इयर सर्व्हायव्हल चांगला आहे. धीर द्यायलाच म्हणाले ते. पण आण्णांच्या कानात त्यातलं ‘पाच वर्षं’ एवढंच शिरलं, आणि खरं सांगायचं तर आम्ही दोघा भावांनी पण तेच धरलं, मी रात्री मोबाईलवर शोधलं तर तिथं पण जिथं तिथं पाच वर्षं, पाच वर्षं.

गावाकडं येताना गाडीत आण्णा बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी म्हणाले, “पाच वर्षं म्हणलेत. तेवढ्यात सगळं आवरून घ्यायला पाहिजे.” आणि खरंच आवरायला लागले. द्राक्षाची जुनी सोनाका काढून नवीन बाग लावायची ठरली होती, कलमाच्या खुंटासाठी डॉगरिजची रोपं सांगून ठेवली होती, ते रद्द केलं, म्हणाले रोपं लावा, कलम भरा, मांडव घाला, कर्ज फिटायच्या आत मी नसेन, तुमच्या गळ्यात कशाला. तलाठ्याकडं वाटण्यांचं विचारून आले. आणि माझी पुतणी तेव्हा बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होती, तिचं लग्न डोळ्यादेखत व्हावं म्हणून स्थळं बघायला सुरुवात, विट्याकडचं एक स्थळ तर बघाबघीपर्यंत गेलं. पोरगी काही बोलली नाही, आज्जाला कॅन्सर झालाय म्हणल्यावर ती तरी काय बोलणार. एका आकड्याचा अर्थ नीट न कळल्यामुळं आमच्या घरात एवढं झालं. ह्याची मला अजून टोचणी आहे कारण घरात शिकलेला मी होतो.

पुढं आजार हाडात गेलाय का बघायला बोन स्कॅन झाला त्या वेळी दुसऱ्या एका डॉक्टरांनी आम्हाला खाली बसवून सांगितलं. ते म्हणाले, समजा आज शंभर जणांना हा आजार निघाला, तर बरोबर पाच वर्षांनी त्यांची हजेरी घ्यायची, किती हजर आहेत ते मोजायचं, तोच तुमचा सर्व्हायव्हल रेट. शाळेत हजेरी घेतली म्हणजे त्या दिवशी शाळा संपत नाही ना आण्णा? पाच हा मोजणाऱ्यांनी सगळ्या कॅन्सरना मिळून ठरवलेला आकडा आहे, तुमच्या आयुष्याशी त्याचा काही संबंध नाही, सहाव्या वर्षी, सोळाव्या वर्षी पण माणसं हजर असतात, फक्त त्या हजेरीत ते दिसत नाही. आण्णांनी हे तीनदा विचारून घेतलं. घरी आल्यावर पहिल्यांदा त्यांनी विट्याच्या पाहुण्यांना फोन करून पोरगी अजून शिकतीय म्हणून सांगितलं.

आता तुमच्या चौकटीकडं येतो. पहिली चूक ‘बरे होतात’. सर्व्हायव्हल म्हणजे त्या दिवशी जिवंत असणं, त्यात पूर्ण बरा झालेला पण येतो आणि ज्याचा आजार अंगात आहे, इंजेक्शनं चालू आहेत तो पण येतो. प्रोस्टेटचा कॅन्सर बऱ्याचदा संथ असतो, ऑपरेशननंतर दहा-दहा वर्षांनी पीएसए परत वर गेलेली माणसं आहेत, त्यामुळं ह्या आजारात पाच वर्षांच्या आकड्यावर थांबून भागत नाही, दहा आणि पंधरा वर्षांचा पण बघावा लागतो.

दुसरं, ते ९७ आहेत कुठले? सगळ्या स्टेज एकत्र धरून पाच वर्षांना ९७-९८ टक्के हा अमेरिकेचा आकडा आहे, आणि तो सुद्धा रिलेटिव्ह सर्व्हायव्हल, म्हणजे त्याच वयाच्या बाकीच्या पुरुषांशी तुलना करून काढलेला. हे समजायला मला वेळ लागला म्हणून उदाहरण देतो, आकडे माझे मनाचे आहेत. पंच्याहत्तरीतले शंभर साधे म्हातारे घेतले तर पाच वर्षांत हार्ट, शुगर, दमा असल्या कारणांनी वीसेक जातील, ऐंशी राहतील. त्याच वयाचे प्रोस्टेट कॅन्सरचे शंभर घेतले आणि त्यातले शहात्तर राहिले, तर ऐंशीला शहात्तर म्हणजे रिलेटिव्ह सर्व्हायव्हल ९५ टक्के. शंभरातले पंच्याण्णव जिवंत आहेत असं नाही ते. आणि १०० टक्के छापलं तर कुणी मेलंच नाही असा पण अर्थ होत नाही, त्या वयाच्या बाकी लोकांइतकेच गेले एवढाच होतो.

आणि सगळ्या स्टेजची बेरीज करून एक आकडा दिला की तो कुणाच्याच उपयोगाचा राहत नाही. अमेरिकेच्याच हिशोबात आजार ग्रंथीच्या आत असेल किंवा शेजारच्या भागापर्यंत, जवळच्या गाठींपर्यंत गेला असेल तर पाच वर्षांचा आकडा जवळजवळ शंभर टक्के येतो, आणि हाडात वगैरे लांब पसरला असेल तर तोच एकदम तिसऱ्या हिश्श्याच्या थोडा वर येतो. तिकडं पीएसए करून लवकर सापडणारे जास्त असल्यामुळं बेरीज ९७ दिसते. आपल्याकडं कंबर धरली, पाय जड पडले, लघवी तुंबली की मग दवाखान्यात जायचं, तोवर कितीतरी जणांच्या मणक्यात गेलेला असतो. कराडकडचे आमचे एक पाहुणे आहेत, त्यांना सुरुवातीलाच हाडात निघालं होतं, त्यांनी असलंच कुठंतरी ९७ वाचलं आणि बरंय की मग म्हणून पुरुषी हार्मोन कमी करायचं इंजेक्शन दोनदा चुकवलं, पाठ दुखायला लागली तरी मालिश करत बसले. शेवटी पायातली ताकद गेल्यावर नेलं. आण्णांना आकड्यानं घाबरवलं आणि ह्यांना आकड्यानंच बिनधास्त केलं, दोघांचं नुकसानच झालं.

गंमत वाटेल पण ९७ चा आकडा दुसऱ्या एका ठिकाणी पण आहे आणि तिथं त्याचा अर्थ निराळा आहे. ब्रिटनमध्ये प्रोटेक्ट नावाचा मोठा अभ्यास झाला, त्याचे १५ वर्षांचे निकाल २०२३ मध्ये आले. पीएसए तपासणीत सापडलेले, आजार ग्रंथीतच असलेले, ५० ते ६९ वयाचे १,६४३ पुरुष, तीन गट केले, एका गटावर फक्त लक्ष ठेवलं, एकाचं ऑपरेशन, एकाला रेडिएशन. पंधरा वर्षांनी तिन्ही गट मिळून ह्या कॅन्सरनं गेलेले ४५ जण, म्हणजे २.७ टक्के, आणि तिन्ही गटात त्यात फारसा फरक नाही. लक्ष ठेवलेल्या गटात आजार पसरायचं प्रमाण मात्र साधारण दुप्पट होतं, हे पण सांगायला पाहिजे. म्हणजे ९७ टक्के प्रोस्टेट कॅन्सरनं मेले नाहीत. पण सगळ्या कारणांनी मिळून गेलेले ३५६, म्हणजे शंभरात जवळजवळ बावीस. एकाच अभ्यासातून ‘९७ टक्के’ पण छापता येतं आणि ‘७८ टक्के’ पण छापता येतं, दोन्ही खरंच. प्रश्न काय विचारलाय तो सोबत छापला नाही तर वाचणाऱ्यानं काय समजायचं?

अजून एक, ज्याच्यात भले भले फसलेत. न्यूयॉर्कचे माजी महापौर रूडी जुलियानी, त्यांना स्वतःला हा आजार होऊन गेलेला. २००७ मध्ये अध्यक्षपदाच्या प्रचारात ते म्हणाले की अमेरिकेत मी ह्यातून वाचायची शक्यता ८२ टक्के आणि इंग्लंडमध्ये असतो तर फक्त ४४, कारण तिथं सरकारी आरोग्यसेवा. प्रत्यक्षात दोन्ही देशात लोकसंख्येच्या मानानं ह्या कॅन्सरनं मरायचं प्रमाण जवळपास सारखंच होतं. मग एवढा फरक आला कुठनं? समजा दोघंजण ७८ व्या वर्षी ह्याच आजारानं गेले. एकाला ७० व्या वर्षी तपासणीत कळलं, त्यानं पाच वर्षं सहज काढली, त्याची हजेरी लागली. दुसऱ्याला ७५ व्या वर्षी पाठ दुखल्यावर कळलं, त्याची लागली नाही. मेले दोघं एकाच वयात, फक्त एकाचं घड्याळ आधी सुरू झालं होतं. शिवाय म्हातारपणी दुसऱ्याच कारणानं गेलेल्या कितीतरी पुरुषांच्या प्रोस्टेटमध्ये शवविच्छेदनात हा कॅन्सर सापडतो, जो त्यांना जन्मात कळला नव्हता. तपासण्या वाढवल्या की असले आजार पण हिशोबात येतात आणि टक्केवारी फुगते. लवकर तपासू नका असं मी म्हणत नाही, घरातला अनुभव बघता तर अजिबातच म्हणणार नाही. पण दोन देशांची, दोन दवाखान्यांची टक्केवारी शेजारी ठेवून हा भारी तो बेकार असं ठरत नाही.

तुम्ही म्हणाल मग आपल्याकडचे आकडे द्या. ते मिळवायला किती कष्ट लागतात हे बार्शीकडं बघितलं की कळतं. आपल्या शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात १९८७ पासून बार्शीची कॅन्सर रजिस्ट्री आहे, ग्रामीण भागातली देशातली पहिली, तिथली माणसं गावोगाव फिरून, लोकांना भेटून पेशंट नोंदवतात. कारण हजेरी घ्यायची तर माणूस सापडायला पाहिजे. आमच्याकडचा पेशंट बायोप्सी मिरजेला करतो, सेकंड ओपिनियनला पुण्याला जातो, टाटाला फाईल काढतो आणि पैसे संपले की घरी बसतो. तो जिवंत आहे का कुणालाच माहीत नसतं. म्हणून दवाखान्यातनं फोन आला, कसे आहात विचारलं, तर दोन मिनिटं बोला हो, फोन कट करू नका.

आणि हजेरीचा आकडा नेहमी जुन्या बॅचचा असतो. आज छापलेला पाच वर्षांचा आकडा म्हणजे कमीत कमी पाच-सहा वर्षांपूर्वी निदान झालेल्यांचा, पुष्कळदा त्याहून जुना. पुरुषी हार्मोन कमी केलं की हा कॅन्सर दबतो हे चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ मध्ये दाखवलं, त्यांना १९६६ चं नोबेल मिळालं, आणि आजही उपचाराचा पाया तोच. पण अबिराटेरॉनसारखी गोळी २०११ ला आली, ती पसरलेल्या आजारात सुरुवातीपासनं दिली तर माणसं जास्त जगतात हे २०१७ च्या अभ्यासांत दिसलं, आता तिची जेनेरिक पण मिळते. आज निदान झालेल्या माणसाचा आकडा अजून कुठंच छापलेला नाही, तो घडायचाय.

म्हणून विनंती एवढीच, पुढच्या वेळी चौकट कराल तेव्हा आकड्याशेजारी चार शब्द जास्त टाका, कुठल्या देशाचा, कुठल्या वर्षांचा, कुठल्या स्टेजचा, आणि रिलेटिव्ह आहे का साधा. जागा नसेल तर आकडा गाळा, पण ‘बरे होतात’ लिहू नका. आणि ज्यांच्या घरात आत्ता रिपोर्ट आलाय त्यांनी डॉक्टरांना किती वर्षं असं विचारायच्या आधी स्टेज काय, ग्लीसन किती, हाडात गेलाय का, आणि आमच्यासारख्यांचं साधारण काय होतं हे विचारा, कागदावर लिहून घ्या.

आण्णांचा आजार ग्रंथीच्या बाहेर आलेला पण हाडं मोकळी होती, जवळजवळ दोन महिने रेडिएशन आणि दोन वर्षं दर तीन महिन्यांनी इंजेक्शन असं झालं. अंगातनं वाफा यायच्या, थकवा यायचा, चिडचिड व्हायची, ते दिवस सोपे नव्हते. आता ७८ आहेत. बाग एक हंगाम उशिरा लावली, तिची फळं मुंबईला जातात. पुतणी एमएस्सी झाली. दर सहा महिन्यांनी पीएसए करतो, रिपोर्ट यायच्या आदल्या रात्री घरात कुणी नीट झोपत नाही, ते अजून आहे.

तुमची ती चौकट आण्णांनीच पेनानं गोल करून माझ्यासमोर ठेवली, म्हणाले, “ह्यांना लिही, कुणाच्यातरी पोरीचं लग्न ठरवतील.”

आपला एक वाचक,
तासगाव, जि. सांगली