काका, तुम्ही माझी वही वाचलीत

आदरणीय काका,
शि. सा. न. वि. वि.

माझं नाव कुठं लिहू नकोस, असं गच्चीच्या जिन्यात तुम्ही बजावलंत, म्हणून लिहीत नाही. आभार मानू नकोस असं काही म्हणाला नव्हतात. म्हटलं असतंत तरी मी ते ऐकलं नसतं. तुम्ही येऊन गेल्याला आज तीन आठवडे झाले. सकाळच्या बातम्यांचा आवाज या तीन आठवड्यांत एकदाही तुटलेला नाही. तरी फेडर, म्हणजे मिक्सरवरची आवाज वाढवायची पट्टी, वर सरकवताना माझा श्वास अजून अडकतो, आणि बातम्या संपल्या की डोळ्यांत पाणी येतं. हे कोणाला सांगावं कळत नव्हतं, म्हणून सगळ्यांसमोर तुम्हालाच सांगते आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात लिहिते. आमचं केंद्र नागपुरातलं एक लहानसं सामुदायिक रेडिओ केंद्र. ट्रान्समीटर ५० वॅटचा. बातम्या आम्हाला स्वतःच्या काढता येत नाहीत, आकाशवाणीच्या मात्र जशाच्या तशा, काटछाट न करता लावता येतात. त्या उपग्रहावरून येतात. गच्चीवर डिश, डिशच्या तोंडाशी एलएनबी, म्हणजे डिशनं गोळा केलेला सिग्नल टिपून खाली पाठवणारी डबी, तिथून केबल खाली रॅकमधल्या रिसीव्हरला आणि रिसीव्हरमधून आवाज मिक्सरला. त्या मिक्सरपुढं सकाळी मी बसते. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत झोपेतच पाणी शिरलं, तेव्हापासून आमच्याकडची कितीतरी म्हातारी माणसं पावसाळ्यात चहाच्या आधी रेडिओ लावतात. त्यांच्यासाठी त्या बातम्या म्हणजे दिवसाची पहिली खात्री असते. तिथं आवाज तुटला की काय वाटतं, हे फोन उचलणारीलाच ठाऊक.

आवाज फेब्रुवारीपासून तुटायला लागला. आधी खरखर आणि मग आवाज जाणं, असं डिजिटलमध्ये होत नाही. निवेदिका "जिल्हाधिकाऱ्यांनी" म्हणायची आणि पुढं एकदम शांतता. सहा सेकंद, दहा सेकंद, कधी पूर्ण मिनिट.

बसवून देणाऱ्यांना बोलावलं. त्यांच्या माणसानं रिसीव्हरवर सिग्नल स्ट्रेंग्थचा आकडा बघितला, ८६. "सिग्नल तर फुल आहे," म्हणाला. मग माझ्याकडं न बघता आमच्या प्रमुखांना म्हणाला, "पोट्टीनं काहीतरी दाबलं असन." दुसऱ्या खेपेला रिसीव्हर बदलला. तिसऱ्या खेपेला केबल. मग दुसरे कोणी आले, त्यांनी डिश हलवली, पुन्हा जागेवर आणली, बिल दिलं. स्ट्रेंग्थ ८६ ची ८८ झाली, आवाज तुटायचा तसाच तुटत राहिला. खाली क्वालिटीचा आकडा पडतो आहे, तो बघा, असं मी दोनदा म्हटलं. दोन्ही वेळा उत्तर मिळालं नाही. उत्तर न मिळणं एकवेळ सोसता येतं, पण माझ्या देखत माझ्याविषयी बोलायचं आणि माझ्याशी बोलायचं नाही, हे फार लागतं हो काका. माणसाला खुर्ची-टेबलात जमा केल्यासारखं.

तेच तेच ऐकून प्रमुखांच्याही मनात शंका आली. त्यांना दोष देत नाही, पैसे त्यांच्या खिशातून जात होते. त्यांनी मला सकाळच्या पाळीतून काढून दुपारच्या रेकॉर्ड केलेल्या कार्यक्रमांवर बसवलं. माझ्या जागी बसलेल्या मुलाच्या हातूनही आवाज तुटला, तेव्हा आठवड्यानं परत बोलावलं. पण "ती पोरगी चुका करते" हे एकदा पसरलं ते पसरलंच. घरी आईला मी हे सांगितलं नव्हतं. या पत्रातूनच तिला कळेल.

त्या दिवसांत मी वही घातली. इतवारीतून आणलेली दोनशे पानी लांब वही, पट्टीनं रेघा मारून. तारीख, वेळ, स्ट्रेंग्थ, क्वालिटी, किती सेकंद आवाज गेला, बाहेर ऊन की ढग. पाळी सुरू होण्याआधी तासभर येऊन आणि संपल्यावर थांबून मी आकडे लिहीत होते. कोणी मागितली नव्हती ती वही. मी काही दाबलं नव्हतं, एवढं निदान एका कागदाला माहीत असावं, म्हणून ती होती. पुढच्या दोन्ही खेपांना मी ती टेबलावर उघडून ठेवली. एकानं तिच्यावर पक्कड ठेवली.

आणि मग मे महिन्यातल्या एका दुपारी डोक्याला ओला दुपट्टा बांधून तुम्ही आलात. आमचे श्रोते म्हणून आलात, बोलावलेले तंत्रज्ञ म्हणून नव्हे. रेडिओच्या तांत्रिक कामात उभं आयुष्य गेलेलं, आता निवृत्त, रोज सकाळी आमचं केंद्र लावणारे. "आवाज कसा तुटतो ते ऐकून राह्यलो महिनाभर. राहवलं नाही," म्हणालात. नागपुरात त्या वेळी माणसं उंबरठ्याबाहेर पाय टाकत नाहीत.

तुम्ही रॅककडं गेला नाहीत. आधी विचारलंत, "हे यंत्र रोज कोण हाताळतं?" प्रमुखांनी माझ्याकडं बोट दाखवलं. "मग मी आधी हिच्याशी बोलतो." आणि तुम्हाला टेबलावरची वही दिसली. "काऊन गं बेटा, ही कोणाची?"

माझी, म्हटलं.

तुम्ही चष्मा काढलात, शर्टाच्या टोकानं पुसलात, खोलीत खुर्ची एकच म्हणून रॅकला पाठ लावून खाली फरशीवर बसलात, आणि वही वाचायला लागलात. पहिल्या पानापासून. मला वाटलं चाळाल आणि ठेवाल. तुम्ही रेघेवर बोट ठेवून एकेक ओळ वाचत होतात. मध्येच विचारायचात, "हा ७ लिहिलाय की १?" मी सांगायचे. "या दिवशी पाऊस होता, तरी क्वालिटी चांगली?" हो, म्हटलं, पहाटेची नोंद आहे ती. "पहाटे नेहमीच चांगली दिसते." मी मान हलवली. कुलरच्या आवाजात पंचवीस मिनिटं तुम्ही वाचत बसलात आणि मी शेजारी उभी होते, आणि सांगते काका, माझ्या शाळेतल्या वह्यासुद्धा कोणी अशा वाचल्या नव्हत्या.

मग तुम्ही मान वर केलीत. "बेटा, अर्धं काम तू करून ठेवलंस. हे मशीन बिघडलेलं नाही. ह्याला कोणीतरी बाहेरून ओरडून राह्यलं."

पुढचं मला तुम्ही समजावलंत ते जसं समजलं तसं लिहिते, चुकलं तर रागवा. स्ट्रेंग्थचा आकडा म्हणजे एकूण किती जोर आत येतो आहे, मग तो कोणाचाही असो. त्यातलं आपल्या कामाचं किती नीट वाचता येतं आहे, ते क्वालिटी सांगते. जोर भरपूर आणि वाचता काहीच येत नाही, म्हणजे आत दुसरंच कोणी शिरलं आहे. आपला उपग्रह ३५,७८६ किलोमीटरवरून बोलतो, इथं पोचेस्तोवर त्याची कुजबुज उरलेली असते. आमच्या डिशच्या समोरच्या अंगाला, दोन इमारती सोडून, हिवाळ्यात मोबाइलचा नवा टॉवर उभा राहिला होता. फाइव्ह-जीसाठी देशात २०२२ मध्ये ३३०० ते ३६७० मेगाहर्ट्झचा पट्टा लिलावात गेला. आपला उपग्रहाचा पट्टा ३७०० पासून ४२०० पर्यंत. मधे ३० मेगाहर्ट्झची फट. टॉवरवाले त्यांच्या हद्दीतच आहेत, त्यांची चूक नाही. पण आमचा एलएनबी जुन्या चालीचा, ३४०० पासूनचं सगळं ऐकणारा. "मारबतीच्या मिरवणुकीत उभं राहून कोणी कानात हळू बोललं तर ऐकू येईल का? ढोलानं कानच बधिर होते," म्हणालात. आणि लोक मोबाइल जास्त वापरतात तेव्हा टॉवर जास्त बोलतो, म्हणून पहाटे शांत, सकाळी वाढतं, संध्याकाळी कहर. माझ्या वहीत ते सगळं होतं. मला वाचता आलं नव्हतं एवढंच.

तुम्ही खात्री करून घेतलीत ती मी जन्मभर विसरणार नाही. गच्चीवर एक जुना कुलर पडून होता, चौकीदार भाऊंचा. तुम्ही त्यांना विचारलंत, "याची एक बाजू काढून घेऊ का थोडा वेळ? परत लावून देतो." तो पत्रा धरून भाऊ आणि तुम्ही टॉवरच्या बाजूनं डिशच्या आडवे उभे राहिलात. उन्हात पत्रा इतका तापलेला की तुम्ही स्वतःचा ओला दुपट्टा सोडून भाऊंच्या हाताला गुंडाळलात. मी खाली रिसीव्हरपाशी, कानाला फोन. पत्रा आडवा आला आणि क्वालिटी ३१ वरून ६८ वर गेली. "काढतो," तुम्ही म्हणालात. पुन्हा ३०. "लावतो." ६७. तिसऱ्यांदा मी आकडा सांगितला तेव्हा माझा आवाज फाटला होता. तुम्हाला तो फोनवर कळला असणार, कारण तुम्ही नुसतं "हं" म्हणालात आणि थोडं थांबलात.

फिल्टर तुम्ही आठवड्यानं घेऊन आलात आणि एलएनबीच्या पुढं बसवलात. ३७०० च्या खालचं आत येऊच न देणारा वीतभर धातूचा तुकडा. त्याचं फार सांगत बसत नाही. बदललेला रिसीव्हर आणि एवढी केबल यांच्यापुढं तो केवढासा, एवढंच मनात येत राहिलं. शेवटचा स्क्रू तुम्ही माझ्याकडून आवळून घेतलात. कुलरचा पत्रा त्याआधीच, पहिल्या दिवशीच, जागेवर बसवून दिला होतात. चारही स्क्रू, एकही कमी नाही.

आणि निघताना तुम्ही वही परत मागितलीत. मला वाटलं काही आकडा बघायचा असेल. तुम्ही माझ्याकडून लाल पेन घेतलंत आणि शेवटच्या नोंदीखाली लिहिलंत, "वरील सर्व नोंदी तपासल्या. बरोबर आहेत." खाली सही, तारीख. मग ती वही माझ्या हातात न देता प्रमुखांच्या हातात दिलीत. म्हणालात, "ही जपून ठेवा. केंद्राचा कागद आहे हा."

काका, फिल्टर आणखीही कोणी बसवून दिला असता कदाचित. ती ओळ दुसऱ्या कोणी लिहिली नसती. त्या दिवसानंतर आमच्याकडं माझ्याविषयी कोणी तसं बोललेलं नाही, कारण आता बोलायला जागाच नाही. प्रमुखांनी दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर माझी माफी मागितली. मोठ्या मनाचं काम आहे ते, म्हणून तेही इथं लिहून ठेवते.

चहा घेताना तुम्ही १९८८ ची गोष्ट सांगितलीत. आकाशवाणीची राष्ट्रीय वाहिनी नागपूरहून सुरू झाली ती. १५६६ किलोहर्ट्झ, १००० किलोवॅट, रात्री देशभर पोचणारी. आमच्या ५० वॅटच्या वीस हजार पट. असं काम ज्यानं जवळून पाहिलं, तो माणूस आमच्या आठ फुटी डिशसाठी बेचाळीस अंशांच्या उन्हात पत्रा धरून उभा राहतो, हे मी दुपारच्या पाळीतल्या नव्या मुलींना सांगत असते. ज्याच्या हाताखाली यंत्र रोज असतं त्याला आधी विचारायचं, त्याचं ऐकून घ्यायचं, त्याची वस्तू घेतली तर परत जागेवर ठेवायची. माझ्या आजोबांची माणूस ओळखायची रीत अशीच होती. ते म्हणायचे, मालकाशी कसा बोलतो ते बघू नको, गड्याशी कसा बोलतो ते बघ. तुम्ही त्यांना फार आवडला असतात.

पैसे तुम्ही घेतले नाहीत. फिल्टरचेसुद्धा अर्धेच घेतलेत, हे प्रमुखांनी मला नंतर सांगितलं. तुमचा दुपट्टा भाऊंनी धुऊन, घडी घालून माझ्याकडं दिला आहे, तो रॅकच्या वरच्या फळीवर आहे.

जुनी वही कपाटात गेली. मी नवी घातली आहे, तशाच रेघा मारून. आज सकाळची नोंद: स्ट्रेंग्थ ७४, क्वालिटी ७१, आवाज गेला ० सेकंद, आभाळ भरून आलेलं. तुमच्यासाठी उजवीकडं एक रकाना रिकामा सोडला आहे, पावसाळा संपला की येऊन तपासून जा. आणि हिवाळ्यात बाजारात सांबार, म्हणजे आपली कोथिंबीर, आलं की आई सांबारवडी करणार आहे. डबा घेऊन मी कुठं यायचं, तेवढा पत्ता मात्र यावेळी सांगा.

तुमची,
सकाळच्या पाळीतली मुलगी