गाठीतल्या रक्तवाहिन्या म्हणजे नुसत्या नळ्या नव्हेत

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

‘गाठीचा रक्तपुरवठा तोडला की कर्करोग उपाशी मरतो’ असे हल्ली आरोग्यविषयक लेखांत वारंवार वाचायला मिळते. माझी थोरली बहीण आतड्याच्या कर्करोगासाठी दर तीन आठवड्यांनी गुहागरहून मुंबईला जाऊन केमोथेरपीसोबत बेव्हासिझुमॅब हे नव्या रक्तवाहिन्यांची वाढ रोखणारे औषध घेते. असलेच एक कात्रण तिने पंचांगात जपून ठेवले आहे, म्हणून हे पत्र.

ते वाक्य अर्धेच खरे आहे. एक-दोन मिलिमीटरच्या पुढे वाढायला गाठीला नव्या रक्तवाहिन्या लागतात, हे अमेरिकन शल्यचिकित्सक ज्यूडा फोकमन यांनी १९७१ मध्ये मांडले. प्राणवायू कमी पडला की गाठ व्हीईजीएफ हे प्रथिन सोडते आणि शेजारच्या वाहिन्यांना धुमारे फुटतात. मात्र या वाहिन्यांच्या अस्तरातील एंडोथेलियल पेशी केवळ रक्ताला वाट देऊन थांबत नाहीत. त्या स्वतःचे स्राव सोडून कर्कपेशींना वाढीस लावतात, रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींना आत शिरू देत नाहीत, आणि अस्तराच्या पेशींमधले सांधे सैल असल्याने कर्कपेशींना रक्तात शिरून यकृत वा फुप्फुस गाठणे सोपे जाते. उलट निरोगी, स्थिर वाहिनीचे अस्तर भरकटून आलेल्या कर्कपेशीला निद्रिस्त ठेवू शकते, असे उंदरांवरील प्रयोगांत दिसले आहे.

आमच्या पोफळीच्या बागेत पाट फुटला की वरच्या आळ्यांत पाणी तुंबते आणि टोकाची आळी कोरडी राहतात. गाठीतही तसेच होते, औषध सगळीकडे पोचतच नाही. आयआयटी कानपूरमध्ये शिकलेले कर्करोग-संशोधक राकेश जैन यांनी २००१ मध्ये असे सुचवले की, बेताच्या मात्रेत वाहिन्यांची वाढ रोखणारी औषधे दिल्यास वाहिन्या काही काळ सावरतात आणि केमोथेरपी आतपर्यंत जाते; त्या फारच छाटल्या, तर प्राणवायूविना उरलेल्या पेशी अधिक आक्रमक होऊ शकतात.

व्हीईजीएफ निरोगी शरीरालाही लागते. त्यामुळे ते अडवणाऱ्या बेव्हासिझुमॅबने रक्तदाब वाढू शकतो आणि जखमा भरायला वेळ लागतो. बहीण गेल्या महिन्यात मुंबईच्या डॉक्टरांना न विचारता दाढ काढायला निघाली होती. भाचीने वेळेवर अडवले. त्या कात्रणात याबद्दल एक ओळही नाही. यापुढे असे लेख छापताना ती ओळ असावी, एवढी विनंती.

आपला,
एक निवृत्त प्राणिशास्त्र शिक्षक, गुहागर