कौले शाकारतो, फळ्या मात्र तशाच

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या आषाढात, भर पावसाच्या रात्री, वेंगुर्ल्याच्या आमच्या घरातील दिवाणखान्याची फळी दोन्ही ब्रॅकेटांसह भिंतीतून उपटून खाली आली आणि आजीच्या वेळच्या चिनी मातीच्या तीन बरण्या फुटल्या. शेजारचीच सावंतवाडीची लाकडी फळे घरंगळत पलंगाखाली गेली. रंगाचे दोन-चार टवके उडाले, एवढ्यावर त्यांचे निभावले. त्या दिवशी फळीवर नवे वजन काहीही ठेवलेले नव्हते. सात वर्षे जे ओझे तिने वाहिले, तेच तिला अचानक का पेलवले नाही, हा प्रश्न मला पडला आणि त्याच्या उत्तराचा उपयोग किनाऱ्यावरील इतरांना व्हावा म्हणून हे पत्र लिहीत आहे.

सुताराने गिलावा खरवडला तेव्हा खरे कारण दिसले. आपल्याकडचा जांभा सच्छिद्र असतो आणि तो जागोजागी सारखा टणक नसतो. ड्रिलने पाडलेले भोक आतून ढासळून रुंद होते आणि प्लॅस्टिकच्या प्लगला घट्ट पकड मिळत नाही. आमचा वरचा स्क्रू तर चिऱ्यात नसून दोन चिऱ्यांमधल्या सांध्यात, भुसभुशीत चुन्यात बसलेला होता. ब्रॅकेटच्या खालच्या स्क्रूपेक्षा वरच्यालाच भिंतीतून उपटणारी ओढ अधिक सोसावी लागते, आणि वस्तू भिंतीपासून जितकी पुढे ठेवावी तितकी ती ओढ वाढते. त्यातच खाऱ्या वाऱ्याने साधा लोखंडी स्क्रू गंजून निम्मा झाला होता.

फळीही निर्दोष नव्हती. ती लाकडाच्या भुशाची, वर चकचकीत सनमायका लावलेली होती. तिची उघडी कड पावसाळ्यातल्या दमट हवेने फुगली होती आणि मध्ये बोटभर झोळ आला होता, जो मी वर्षानुवर्षे पाहत होतो व ज्याकडे दुर्लक्ष करत होतो. जाडी व दर फुटावरचे वजन तेच ठेवून दोन आधारांमधले अंतर दुप्पट केले, तर झोळ सोळापट होतो. उलट जाडी दुप्पट केली, तर तो आठवा हिस्सा उरतो. तेव्हा चार फुटांच्या फळीला मध्ये तिसरा ब्रॅकेट देणे हा खर्च नव्हे, बचत आहे. काचेची फळी मात्र असा इशारा देत नाही. टफन्ड काच फुटली की तिचे बारीक दाणे होतात, त्यामुळे माणसाला इजा कमी होते, पण वरच्या वस्तूला ती वाचवत नाही; त्यासाठी लॅमिनेटेड काच, म्हणजे मध्ये चिवट पापुद्रा घालून जोडलेली दुहेरी काच, बरी.

नव्या फळीसाठी आम्ही ओलाव्याला टिकणारा मरीन प्लाय घेतला, कडा रंगाने बंद केल्या, खाऱ्या हवेत सहसा न गंजणाऱ्या ३१६ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचे बोल्ट भिंतीच्या आरपार नेऊन पलीकडे पट्टीवर कसले. जड बरण्या ब्रॅकेटच्या नेमक्या वर आणि भिंतीलगत ठेवल्या, तर दशावतारी गंजिफांचा, म्हणजे खेळायच्या जुन्या पद्धतीच्या गोल रंगीत पत्त्यांचा, १२० पानांचा संच फळीवरून पूर्णच काढून बंद पेटीत ठेवला, कारण त्याला पडण्यापेक्षा बुरशीचे भय मोठे. हादऱ्याने बरणी सरकू नये म्हणून प्रत्येकीच्या बुडाखाली मेणाचे लहान ठिपके लावले आहेत. हा अतिरेक वाटेल, पण ११ डिसेंबर १९६७ ची कोयनेच्या भूकंपाची पहाट ज्यांना आठवते, त्यांना तो वाटणार नाही. आपल्या पूर्वजांनी भिंतीतच कोनाडे ठेवले. त्यांना ना स्क्रू लागला ना ब्रॅकेट, हे नवे घर बांधणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे.

माझे नुकसान घरगुती होते. परंतु आपल्या गावोगावच्या शाळांत व वाचनालयांत ढाली, करंडक, जुन्या मूर्ती याच पद्धतीच्या फळ्यांवर, बहुधा मुलांच्या डोक्याच्या वर, मांडलेल्या दिसतात. पावसाळ्यापूर्वी आपण कौले शाकारतो, पन्हळी साफ करतो. त्याच आठवड्यात कोणीतरी शिडी लावून या फळ्यांवरचे सामान उतरवावे, ब्रॅकेट हाताने हलवून पाहावा आणि गंजलेला स्क्रू बदलावा, अशी व्यवस्थापनांना आपल्या वृत्तपत्राद्वारे विनंती आहे. यास माणूस एक आणि सकाळ एक पुरते.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, वेंगुर्ले