डुबकीनंतर लगेच घाट नको

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

वयाच्या ४६व्या वर्षी मी स्कूबा, म्हणजे पाठीवर हवेची टाकी घेऊन पाण्याखाली डुबकी मारणं, शिकले, सुरुवात नाशिकच्याच पोहण्याच्या तलावात. तळाशी गुडघे टेकून मास्कमध्ये मुद्दाम पाणी घ्यायचं आणि नाकानं फुंकून बाहेर काढायचं. श्वास कधीच रोखायचा नाही, हे तिथंच अंगवळणी पडलं. मग तारकर्लीचा समुद्र. ते सुख शब्दांत मावत नाही.

परतीचा प्रवास मात्र अजून खुपतो. सकाळी दोनदा पाण्यात उतरलो आणि दुपारीच सहलवाल्यांनी गाडीत बसवलं, आंबोली घाटमार्गे. पाण्याखालच्या दाबानं श्वासातल्या हवेतला नायट्रोजन अंगात मुरतो. तो सावकाश बाहेर पडावा लागतो. आंबोली सुमारे ७०० मीटर उंच, आपलं नाशिकही ६०० मीटरच्या आसपास. उंचीवर हवेचा दाब कमी, म्हणून रक्तात बुडबुडे होण्याचा धोका. अशा डुबक्यांनंतर विमानात बसण्याआधी किमान १८ तास थांबतात. रात्री माझा डावा खांदा ठणकत होता; हे त्या बुडबुड्यांमुळे तर नाही ना, हे गाडीत विचारायला जाणकार कुणी नव्हतं.

किनाऱ्यावर राहणाऱ्याला हा प्रश्न पडत नाही, आपल्याला दरवेळी पडतो. सहल कंपन्यांनी डुबकीनंतरची रात्र मालवणातच मुक्कामाला ठेवावी, ही कळकळीची विनंती.

- एक वाचक, नाशिकरोड