हेडसेटआधी कान-डोळे तपासा

संपादक महोदय,

ज्येष्ठ नागरिकांच्या विरंगुळा केंद्रांत आभासी वास्तवाचे, म्हणजे व्हीआरचे, डोळ्यांवर लावायचे हेडसेट ठेवावेत अशी मागणी हल्ली कानावर येते. परिचारिका म्हणून नोकरी करून मी निवृत्त झाले आहे आणि आमच्या संघात झालेले असे एक प्रात्यक्षिक जवळून पाहिले आहे, म्हणून हा पत्रप्रपंच.

गुडघ्यांमुळे चार वर्षे गावाबाहेर न पडलेल्या एका आजींना त्या दिवशी चंद्रभागेचे वाळवंट दाखवण्यात आले. एरवी ‘हो’ किंवा ‘नाही’ यापलीकडे न जाणाऱ्या या आजी हेडसेट उतरवल्यावर अर्धा तास बोलत होत्या: सासूबरोबर केलेली पहिली वारी, चिखलात रुतून राहिलेली चप्पल, सगळे. एकटेपणावर या यंत्राचा उपयोग होऊ शकतो हे मी नाकारणार नाही. मात्र त्या बोलल्या त्या ऐकायला आम्ही दोघी शेजारी बसलो होतो म्हणून, हेही तितकेच खरे.

माझा आक्षेप विक्रेत्याच्या पुढच्या वाक्याला आहे. ‘रोज वीस मिनिटे वापरा, विस्मरण जवळ फिरकणार नाही,’ असे त्याने बिनदिक्कत सांगितले. मेंदूच्या सरावाविषयी अमेरिकेत झालेल्या ‘अ‍ॅक्टिव्ह’ या मोठ्या चाचणीत ६५ वर्षांवरील २,८३२ जणांचे चार गट करून तिघांना स्मरण, तर्क किंवा आकलनाचा वेग यांपैकी एकेकाचा सराव देण्यात आला, चौथ्याला कोणताच नाही. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत ज्याचा सराव केला तेच कौशल्य सुधारलेले आढळले, आणि दहा वर्षांनंतर तर्काचा व वेगाचा लाभ टिकून होता, स्मरणाचा नव्हता. शब्दकोडी सोडवणारा माणूस शब्दकोड्यांत तरबेज होतो, पण म्हणून गॅस बंद करायला विसरणार नाही असे नाही. ‘ल्युमोसिटी’ हे मेंदूचे खेळ विकणाऱ्या कंपनीवर स्मृतिभ्रंश टळतो अशा निराधार जाहिरातींचा ठपका आला आणि २०१६ मध्ये तिला अमेरिकेच्या ग्राहक संरक्षण यंत्रणेशी तडजोड करून २० लाख डॉलर भरावे लागले. आपल्याकडे असे दावे तपासणार कोण?

दुसरी गोष्ट शरीराची. डोळ्यांना हालचाल दिसते आणि आतल्या कानाला ती जाणवत नाही, तेव्हा मळमळते, भोवळ येते. सत्तरीतल्या माणसाला उभे राहून हे यंत्र लावू देणे म्हणजे खुब्याच्या हाडाशी खेळ आहे. आमच्याकडे ते उभ्यानेच लावले जात होते. मोतीबिंदू असलेल्या दोघांना धुक्याखेरीज काही दिसले नाही आणि कमी ऐकू येणाऱ्या एका काकांना आतली सूचना कळलीच नाही. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या स्मृतिभ्रंशविषयक आयोगाने २०२४ च्या अहवालात टाळता येण्याजोगे चौदा धोके सांगितले आहेत, त्यांत बहिरेपण आहे आणि उपचार न झालेली अधू दृष्टीही आहे.

तेव्हा महापालिकांनी हेडसेट घ्यायचेच असतील तर त्याआधी त्याच केंद्रात कान आणि डोळे तपासण्याची सोय करावी, यंत्र बसूनच वापरण्याचा नियम घालावा, ‘विस्मरण टळते’ हे वाक्य निविदेतून आणि फलकावरून काढायला लावावे आणि खरेदीच्या रकमेतच शेजारी बसणाऱ्या मदतनिसाच्या पगाराची तरतूद करावी.

आपली,
एक निवृत्त परिचारिका, नाशिक